ताईची गार खोली

थंडोबाला घरी बोलावलं की तो आधी मशीनकडे बघायचाच नाही. घरातली माणसं घामाने निथळत असायची, लहान मूल किरकिरत असायचं, कोणी वर्तमानपत्राने वारा घेत असायचं, आणि हा बुवा खिशातून पातळ कागदाची एक पट्टी काढून ती दाराच्या कडेकडेने फिरवत बसायचा. कागद फडफडला की मान हलवायचा. मग खिडकीची कड, मग पाइप भिंतीतून बाहेर जातो ते भोक, मग बटणांचा बोर्ड. शेवटी घरमालकाचा पारा चढायचा. "अहो, एसी बिघडलाय, दार नाही!"

"एसीला कोणी बिघडवलंय ते बघतोय," थंडोबा शांतपणे म्हणायचा आणि कागद पुढे सरकवायचा.

थंडोबा हे नाव धंद्यामुळे पडलं आणि स्वभावामुळे चिकटलं. उन्हाळ्यात एसी, हिवाळ्यात हीटर, मधल्या दिवसांत दोन्हींची साफसफाई, असं त्याचं वर्ष जायचं. गिऱ्हाइकाने कितीही आदळआपट केली तरी याचा आवाज चढत नसे. नवीन मशीन विकणारे दुकानदार मात्र त्याच्यावर डूख धरून होते. ते मोठं मशीन गळ्यात मारायच्या बेतात असायचे आणि हा मध्येच जाऊन सांगायचा, "मोठं कशाला घेताय? फटी बुजवा, छपराला पांढरा रंग द्या, आहे तेच मशीन पुरून उरेल." आणि पुरायचं, हेही खरं. एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तो ती तडीस नेल्याशिवाय सोडायचा नाही. आता हा गुण म्हणायचा की खोड, ते तुम्हीच ठरवा.

हा हट्ट त्याने ताईकडून उचलला होता. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा हा अजून शाळेत होता. ताईने रडं आवरलं, आईचं शिवणयंत्र पुढे ओढलं आणि शाळेचे गणवेश शिवून त्याला वाढवला. दोघांचीही लग्नं राहूनच गेली. "माझं याच्यामुळे आणि याचं माझ्यामुळे, फिटंफाट!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची.

इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. आतल्या मोठ्या खोलीला रस्त्यावर उघडणारी रुंद खिडकी होती आणि ताईचं यंत्र त्या खिडकीखालीच असायचं. हात कापडावर आणि तोंड रस्त्याकडे! तोंडाला विश्रांती म्हणून नाही. "अहो मास्तर, कॉलर आत गेलीय, अशाने पोरं हसतील तुम्हाला!" "अगं ए, दप्तर उघडंय तुझं, पुस्तकं सांडतील!" भाजीवाल्याशी ती वरूनच हुज्जत घालायची आणि दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. समोरच्या दारातली वहिनी दिवसातून दहा वेळा डोकवायची. संध्याकाळी पोस्टमनकाका यायचे. ते निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण जिने चढायची सवय काही सुटली नव्हती. ते मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे, ताई प्रत्येक बातमीला फोडणी द्यायची, आणि दोघांची अशी जुंपायची की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. थंडोबा दमून घरी आला की त्याला बसायला खुर्चीसुद्धा रिकामी नसायची. तो कुरकुरायचा, पण त्याला ते आवडायचं.

मग ताईचे पाय अडखळायला लागले. आधी कोणी मनावर घेतलं नाही, वय झालं म्हणाले. पण एका उन्हाळ्यात ती भर दुपारी जिन्यात बसली ती उठेचना. डाव्या डोळ्याला धुरकट दिसायला लागलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या करून थंडोबाला समोर बसवलं.

"यांच्या नसांवरचं आवरण झिजतंय," बाई म्हणाल्या. "औषधं देते. पण एक लक्षात ठेवा, उष्णता ही यांची वैरीण आहे. अंग तापलं की पाय, नजर, जीभ, सगळं संपावर जाईल. गार झालं की बहुतेक वेळा परत येईल. प्रत्येक वेळी येईलच असं मात्र धरून चालू नका."

हे ऐकून थंडोबाला काय वाटलं असेल? त्याला बरं वाटलं! हो, बरंच वाटलं. बाईंनी दुसऱ्या कुठल्या रोगाचं नाव घेतलं असतं तर तो बिचारा हात चोळत बसला असता. पण उष्णता? अरे, उष्णतेशी भांडण्यात तर त्याची हयात गेली होती. ताईचे पाय आणि ताईची जीभ आता आपल्या हातात आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. घरी येताना तो तिला म्हणाला, "ताई, तू काळजी करू नकोस. तुझी खोली मी अशी गार करतो की बघतच राहशील."

"कर बाबा," ताई म्हणाली. "लोकांची घरं गार केलीस जन्मभर, आता आपलंही कर एकदाचं."

काम सोपं नव्हतं. वर उघडी गच्ची, दुपारभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेचं ऊन. खालच्या मजल्यावर जागा बदलून घ्यायलाही कोणी तयार नव्हतं. मोठं मशीन बसवावं तर दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की गल्लीतली वीज इतकी मंदावायची की मशीन नुसतं घरघर करून बंद पडायचं. म्हणजे लहानच मशीन ठेवायचं, आणि खोलीत उष्णता येऊच द्यायची नाही. हे गणित त्याला तोंडपाठ होतं.

त्याने दाराला रबराची पट्टी लावली. गच्चीवर पांढऱ्या रंगाचे हातावर हात दिले. भिंतींना थर्मोकोलचे जाड पत्रे चिकटवून त्यावर प्लायवूड ठोकलं. जागा जितकी कमी तितकं मशीनचं काम हलकं, म्हणून छत खाली आणलं. ताई पलंगावर पडून बघायची. "अजून थोडं खाली घे रे, म्हणजे पडल्या पडल्या बोटाने जळमटं काढीन." तो हसायचा आणि खिळा ठोकायचा. खिडकीच्या काचेला त्याने काळी फिल्म लावली. दुसऱ्या दिवशी बघतो तर ताईने कात्रीने तिचा कोपरा खरवडून डोळ्यापुरती जागा केलेली. त्याने पुन्हा लावली, तिने पुन्हा खरवडली. चालायचंच, म्हणून त्याने सोडून दिलं.

तो उन्हाळा बरा गेला. हिवाळ्यात तेच मशीन उलटं चालवून खोली उबदार राहिली आणि ताईची बोटं आखडली नाहीत. थंडोबाची छाती फुगली. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "माझ्या घरी या, बघा कसं करायचं असतं ते." खरं तर इथे थांबला असता तर चाललं असतं. पण थांबेल तो थंडोबा कसला!

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर घात झाला. वहिनीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ताईने हट्टाने तिच्यासाठी कपडे शिवले होते. ते बघायला दुपारी सगळ्या बायका जमल्या. पलंगावर, खाली, दारात, जागा मिळेल तिथे बसल्या. हसणं-खिदळणं सुरू, दार सताड उघडं, त्यातच वीज मंदावली आणि मशीन बंद पडलं. गप्पांच्या नादात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ताई काहीतरी गमतीचं सांगत होती आणि सांगता सांगता तिची जीभ जड झाली. बायकांना वाटलं, नक्कल करतेय. त्या हसल्या. मग ती बसल्या जागी कलंडली.

थंडोबा धावत आला तेव्हा ताई त्याच्याकडे बघत होती, पण हा कोण हे तिला कळत नव्हतं. बर्फाच्या पिशव्या, दवाखाना, सलाइन, सगळं झालं. जीभ परतली, ओळख परतली. डावा पाय मात्र पूर्ण परतला नाही, ती काठी टेकून घरी आली. जिन्यात त्याने तिला पाठीवर घेतलं. मनातून तो पार हादरला होता. आणि घाबरलेला माणूस त्याला जे येतं तेच करतो, दुप्पट करतो.

खोली थंड ठेवायचं गणित करताना मशीनवाले नुसतं ऊन धरत नाहीत. खोलीत काय काय तापतं ते सगळं धरतात. दिवा तापतो, पंख्याची मोटर तापते. आणि माणूस तापतो. हे खोटं नाही, कुठल्याही मशीनवाल्याला विचारा. सिनेमागृहाचं मशीन निवडताना खुर्च्या मोजतात त्या यासाठीच. थंडोबाने हा हिशेब शेकडो दुकानांसाठी केला होता. आता त्याने तो घरात केला. असा हिशेब आपल्या माणसांवर करायला डोकं फिरावं लागतं, किंवा माया तरी फार असावी लागते. त्याची माया फार होती.

पहिल्यांदा शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत गेलं, कारण त्याची मोटर तापायची. "हाताने टाके घालीन," ताई म्हणाली. पण तिच्या बोटांना ते जमेना. मग त्याने वहिनीला सांगितलं, "एकटीच येत जा, आणि दार पटकन लावत जा." वहिनी आधीच त्या दुपारमुळे ओशाळलेली होती. ती यायचीच बंद झाली. दारातूनच "बऱ्या आहात ना?" विचारून जायची.

पोस्टमनकाकांना सांगणं जड गेलं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," थंडोबा जिन्यातच त्यांना म्हणाला. "माणूस म्हणजे एक पेटता दिवाच असतो. चांगला शंभर वॅटचा. आणि बोलायला लागला की जास्तच."

"मग मी झिरोचा दिवा आहे रे," काका म्हणाले. "माझा काय उजेड आणि काय ऊब! बसू दे मला कोपऱ्यात."

"काका, मागच्या वेळी ती मला ओळखत नव्हती."

काका दुसऱ्या दिवसापासून बंद दाराबाहेर खुर्ची टाकून वाचायला लागले. आत ऐकू जावं म्हणून ओरडून वाचायचे. आतून ताई ओरडून उत्तर द्यायची, ते काकांना ऐकू यायचं नाही, मग दोघंही "काय?" "काय?" करत बसायचे. काही दिवस त्याचीही गंमत वाटली. मग काकांचा घसा बसला, गुडघे दुखायला लागले, आणि एका संध्याकाळी ते आले नाहीत. थंडोबाने निरोप पाठवला नाही. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं.

उरली खिडकी. ऊन तिथूनच आत शिरत होतं आणि दुपारी कागद तिथेच फडफडत होता. एका सकाळी तो हलक्या विटांचं पोतं खांद्यावर घेऊन आला. ताईने पोतं पाहिलं आणि ती काठी टेकून उभी राहिली.

"एवढी नको बुजवूस रे."

"ताई, निम्मी उष्णता इथून येते."

"येऊ दे की थोडी. मी दुपारी डोळे मिटून पडेन, ओला टॉवेल घेईन. पण ही नको."

"आणि परत तसं झालं तर?" त्याचा आवाज चढला. लहानपणापासून कधी चढला नव्हता तो चढला. "तू मला कोण रे म्हणून विचारलंस, ताई! माझ्याकडे बघून विचारलंस! मला नाही झेपणार पुन्हा."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तो लहानपणी तापाने फणफणला की ती जशी बघायची, तशी. मग ती पलंगावर बसली. "बुजव," ती म्हणाली. "तुझा जीव शांत होत असेल तर बुजव." तिने भिंतीकडे तोंड केलं आणि तो विटा रचत गेला. ताज्या हवेपुरती एक बारीक नळी त्याने वर ठेवली. तेवढं भान त्याला होतं.

त्या वर्षीचा उन्हाळा काय सांगावा! शाळा सकाळच्या झाल्या, रस्त्यावर दुपारी चिटपाखरू दिसेना, गिऱ्हाइकांनी थंडोबाचा फोन वाजवून वाजवून त्याच्या नाकी नऊ आणले. आणि घरी ताईच्या खोलीत पारा जागचा हलायला तयार नाही. ते लहानसं मशीन थोडा वेळ चालायचं आणि आपोआप गप्प व्हायचं. वीज मंदावली तरी खोली तासन्‌तास गार राहायची. ताईला एकदाही त्रास झाला नाही. पाय सुधारला, काठी सुटली. डॉक्टरबाईंनी तिला चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, आणि म्हणाल्या, "असा रुग्ण मी पाहिला नाही!" थंडोबा आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. जिंकलो, असं त्याला वाटलं.

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. तो संध्याकाळी येऊन गल्लीतल्या बातम्या सांगायचा. मास्तरांनी नवी सायकल घेतली, भाजीवाल्याचं कोणाशी तरी वाजलं. ताई "हं" म्हणायची. आधी हसून म्हणायची, मग नुसतंच, मग तेही नाही. तिने काही विचारणं सोडून दिलं. तो म्हणाला, "ताई, यंत्र आत आणू का? सकाळी गार असतं, तेव्हा चालव." ती म्हणाली, "काय शिवायचंय?" दिवसभर ती पलंगावर बसून मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहायची. एक एक दिवस असा जायचा की तिच्या तोंडून शब्दच निघत नसे.

जीभ पुन्हा गेली, असंच थंडोबाला वाटलं. त्याने टॅक्सी आणून तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. वाटेत किती दिवसांनी तिला रस्ता दिसत होता! तो म्हणाला, "बघ, शाळेला नवं फाटक लावलंय." तिने डोळे मिटून घेतले. "काच वर घे," एवढंच म्हणाली.

बाईंनी बोट नाचवलं, हातोडी मारली, जीभ बाहेर काढायला सांगितली. सगळं जागच्या जागी होतं.

"दुखणं तसूभरही वाढलेलं नाही," बाई म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. "काय करता दिवसभर?"

"गार असते," ताई म्हणाली.

बाईंनी थंडोबाकडे पाहिलं. "घरी कोण कोण येतं यांच्याकडे?" थंडोबाच्या कानशिलात मारली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं.

त्याने उन्हाळा सरायची वाट पाहिली, तेवढाही धीर कसाबसा धरला. हवा गार झाली, एसीचे फोन थांबले, आणि एका सकाळी त्याने छिन्नी-हातोडा घेतला. ताईला बाहेरच्या खोलीत बसवून त्याने ती वीट न्‌ वीट काढली. काच पुसली, पल्ले उघडले. यंत्र आत आणून खिडकीखाली ठेवलं, सुईत दोरा ओवला. मग वहिनीच्या दारात जाऊन उभा राहिला. "वहिनी, चुकलं माझं. चला." काकांच्या घरी गेला, त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काका वर्तमानपत्र काखेत मारून निघाले. वहिनीने लग्न झालेल्या लेकीला बोलावून घेतलं. तीही आली, तिला दिवस गेले होते.

सगळे बसले. खिडकीतून गार वारा येत होता. खाली शाळा सुटली होती आणि गलका वर येत होता. ताईने डोळ्यांवर हात धरला होता. थंडोबाने पडदा थोडा ओढला, तरी तिने हात काढला नाही. काकांनी घसा खाकरून बातमी वाचली, अगदी ताईने तुटून पडावं अशी निवडून आणली होती. ताई गप्प. काकांनी दुसरी वाचली, त्यात मुद्दाम एक चूक केली. ताई गप्प. वहिनीच्या लेकीने तिचा हात हातात घेऊन विचारलं, "ताई, बाळासाठी दुपटं शिवाल ना?" ताईने तो हात हळूच सोडवून घेतला.

"किती जण आहेत?" तिने विचारलं. "मला गरम होतंय."

गरम? अंगावर शाल घ्यावी अशी हवा होती. थंडोबाने तिच्या कपाळाला हात लावला, गार होतं. वहिनी उठली, तिची लेक उठली. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "येतो हं ताई, उद्या येतो," असं म्हणून तेही गेले. त्यांच्या आवाजावरून थंडोबाला कळलं की ते येणार नाहीत.

तो तिच्या पलंगाशी खाली बसला. त्याला रडू फुटलं, भल्या दांडग्या माणसाला. "ताई, काहीतरी बोल गं. शिव्या घाल. मी केलं हे सगळं, मला शिव्या घाल."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. रागसुद्धा नव्हता.

"तूही बाहेर बस ना रे," ती म्हणाली. "खोली तापते."

तो उठला. बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसला. आत आधी खिडकीचे पल्ले मिटल्याचा आवाज आला. मग पावलं ऐकू आली, दाराच्या दिशेने येणारी. न अडखळता, काठीशिवाय, पहिल्यासारखी सरळ चालत ताई दारापर्यंत आली आणि तिने आतून कडी लावून घेतली.